बाबी मेस्त्रींचा ‘सातवा राउंडअबाउट’

बाबी मेस्त्रींनी आपलं नाटक कधी लिहिलं नाही. ते त्यांनी बोलून ठेवलं होतं. चार कॅसेटींवर, दोन्ही बाजूंनी. त्या काळी बहारीनमध्ये कामगारांच्या कॅम्पवर राहणारी आमची कोकणातली माणसं घरी पत्रं कमी आणि कॅसेटी जास्त पाठवायची. सुट्टीवर जाणाऱ्या एकेकाच्या बॅगेत पाच-सहा बिऱ्हाडांचे आवाज असायचे. मेस्त्रींच्या घरीही अशा कॅसेटी जात असणारच. या चार मात्र एका शुक्रवारी सकाळी त्यांनी माझ्या हातात आणून ठेवल्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या, वरून रबर लावलेलं.

“वैनी, ह्याच्यात एक नाटक आसा,” ते म्हणाले. “माका बोलूक येता. लिवूक तुमका येता.”

आमची ओळख त्याआधी दोनेक वर्षांची. माझे यजमान श्रीकांत तिथल्या राजधानीत, मनामातल्या एका बँकेत होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर लग्न होऊन मी पुण्याहून तिथे गेले, आणि चार मराठी घरं जिथे जमतात तिथे आम्हीही जमू लागलो. तिथल्या मराठी मंडळाचं दर हिवाळ्यात एक नाटक व्हायचं. सोफा, टेलिफोन, दोन दारं आणि तीन अंकभर चालणारा गैरसमज. मला अभिनयाचा गंध नव्हता, पण आवाज हळू आणि स्पष्ट होता, म्हणून पहिल्याच वर्षी मला प्रॉम्प्टर करून टाकलं. पुढे बारा वर्षं मी विंगेत स्टुलावर बसून दुसऱ्यांना त्यांची वाक्यं आठवून देत होते.

मंडळाचे उपाध्यक्ष प्रभुणे एका बांधकाम कंपनीत पर्सोनेल मॅनेजर होते. त्यांनीच सेट बांधायला आपल्या कंपनीतले मेस्त्री आणले. कुडाळकडचे. खरं नाव वासुदेव, पण त्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. ठेंगणे, काटक, उन्हाने रापून खारकेसारखे झालेले. कामाच्या वेळी तोंडाच्या कोपऱ्यात कायम एक खिळा धरलेला असायचा आणि ते तो न काढता बोलायचे. त्यांनी खिळा काढून हातात घेतला की समजायचं, आता काहीतरी महत्त्वाचं येणार.

ते शटरिंगचे फोरमन होते. स्लॅबचं काँक्रीट ओतायच्या आधी खाली लाकडाचा साचा बांधतात, ते शटरिंग. काँक्रीट धरलं की साचा उकलून काढून टाकायचा. “आमचां काम कोणाक दिसणा नाय,” ते म्हणायचे. “दिसलां तर समजायचां, बिघडलां.”

मेस्त्री आले त्या पहिल्या वर्षी ते दाराची चौकट ठोकत होते आणि समोर तालीम चालली होती. मध्येच ते माझ्या स्टुलाशी आले आणि खिळा काढला.

“वैनी, तो माणूस घरात येता, तर चपला खय काडता?”

मी वही चाळली. चपलांबद्दल लेखकाने काही लिहिलेलं नव्हतं. तसं मी सांगितलं.

“मग तो घरात नाय इलो,” ते म्हणाले. “तो स्टेजवर इलो.” आणि परत चौकटीकडे गेले.

ही गोष्ट मी घरी श्रीकांतना हसत हसत सांगितली. पण दुसऱ्या दिवसापासून माझं लक्ष सगळ्यांच्या पायांकडेच जायला लागलं, आणि त्या वर्षीचं आमचं नाटक काही मला बघवेना.

मेस्त्री तरुणपणी गावाकडे दशावतारात स्त्रीपार्ट करत. हे त्यांनी आपण होऊन कधी सांगितलं नाही, त्यांच्या गँगमधल्या सदूने सांगितलं. त्यांना कुणी विचारलं की म्हणायचे, “तेवा दाढी नव्हती, काय करतलंय?”

तर त्या कॅसेटी. दुपारी घर शांत झालं की मी टेपरेकॉर्डर लावून बसायची आणि वही-पेन घेऊन उतरवून काढायची. पहिले दोन दिवस नाटक कमी आणि कॅम्प जास्त ऐकू आला. मागे एसीची घरघर, कुणीतरी मासे तळतंय, कुणी ओरडतंय, “बाथरूमात कोण हा रे, की मेलो?” आणि या सगळ्याच्या पुढे मेस्त्रींचा आवाज. सात-आठ माणसं, त्यांत बायकाही, सगळे तेच. आवाज फारसा बदलत नसत, पण कोण बोलतंय ते लगेच कळायचं. कसं, ते मला आजही नेमकं सांगता येणार नाही. एकेकाचा श्वास घ्यायचा वेळ वेगळा होता, असं मला वाटतं.

नाटक हमद टाउनचं होतं. तेव्हा ते नवं शहर वाळवंटात उभं राहत होतं. मैलोगणती एकसारखी घरं, रुंद रस्ते, आणि चौकांऐवजी एकामागून एक राउंडअबाउट. अजून एकही बिऱ्हाड आलेलं नव्हतं. रस्त्यांना नावं नव्हती, म्हणून कामगारांनी राउंडअबाउटना आपापसात आकडे दिले होते. मेस्त्रींच्या नाटकातलं घर सातव्या राउंडअबाउटवर होतं, म्हणून नाटकाचं नाव तेच.

एक मुकादम आणि चार कामगार घर बांधत असतात. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांचा एक खेळ चालतो. प्रत्येकाने त्या अर्धवट घरातली एकेक खोली आपली म्हणून घ्यायची आणि ती कशी लावणार ते सांगायचं. एकजण बाथरूम घेतो, कारण कॅम्पवर त्याचा नंबर नेहमी शेवटी लागतो. तो म्हणतो, मी आतून कडी लावणार आणि नुसता बसून राहणार. एकजण हॉल घेतो आणि तिथे आपल्या गावातल्या सगळ्या भांडणाऱ्या माणसांना समोरासमोर बसवतो. शिवा नावाचा कामगार स्वयंपाकघर घेतो. त्याची बायको घरी चुलीच्या धुराने खोकत असते, म्हणून तो खिडकी कुठे असावी यावर सगळ्यांशी वाद घालतो. मग ती बायको खरंच येते आणि त्या खिडकीशी उभी राहून त्याला पाणी देते. ती अर्थात त्याच्या मनातली.

आणि शेवटाकडे तो प्रसंग येतो. संध्याकाळ झालेली, उत्तरेचा शमाल वारा सुटलेला. वरच्या स्लॅबच्या फळ्या बसवायच्या राहिल्यात. शिवा विचारतो, “वारो लय सुटलो हा, मेस्त्री. उद्या चढलंय तर चालात?” मुकादम म्हणतो, “दोनच फळ्यो रवल्यो. यल्ला!” यल्ला म्हणजे अरबीत ‘चल, आटप’. शिवा चढतो आणि पडतो. पुढच्या प्रवेशात घर पुरं झालेलं आहे. इंजिनिअरकडून चावी घेऊन एक बहारिनी कुटुंब येतं, घर बघतं, आणि त्यातली बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून म्हणते, किती चांगला वारा येतो.

मी महिनाभर खपून सगळं उतरवलं आणि उतरवता उतरवता सुधारलं. म्हणजे मला तेव्हा वाटलं की सुधारलं. मालवणी काढून सरळ मराठी केली, वाक्यं पुरी केली. मग एका शुक्रवारी मेस्त्रींना बसवून वाचून दाखवलं. ते मांडी घालून, डोळे मिटून ऐकत होते. 

“अक्षर बरां आसा,” ते म्हणाले.

“आणि नाटक?”

त्यांनी डोळे उघडले. “वैनी, ही माणसा शिकली. ह्यांका खयही नोकरी मिळात. ही कित्या हय वाळवंटात मरूक येतली?”

मला राग आला. महिन्याभराची मेहनत होती. ते गेल्यावर मी पहिली कॅसेट परत लावली, पाच मिनिटं ऐकली, आणि मग वही बाजूला ठेवून नवी वही काढली. या वेळी जसं होतं तसं लिहिलं. खोकला आला तिथे खोकला लिहिला.

मंडळाच्या कमिटीत नाटक वाचलं तेव्हा सगळ्यांना आवडलं. प्रभुण्यांना सगळ्यात जास्त. अडचण आली ती पात्रांची. कमिटीचं म्हणणं होतं की मंडळाचं नाटक, तर कामं सभासदांनी करावीत. कॅम्पवरची माणसं सभासद नव्हती. हॉलमधल्या कामगाराचं काम करायला आमचा एक चार्टर्ड अकाउंटंट तर मिशा वाढवायला तयार झाला. मेस्त्री बैठकीला दाराशी उभे होते. त्यांनी खिळा काढला.

“भाषण दोन म्हयन्यांत शिकवतंय,” ते म्हणाले. “हातोडो धरूक शिकवूक सहा म्हयने लागतत. तेवडो वेळ आसा काय कोणाक?”

 मग एक गृहस्थ म्हणाले की असं असेल तर यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. मेस्त्री ‘बरां’ म्हणून गेले, आणि पुढच्याच आठवड्यापासून त्यांनी आपल्या गँगला घेऊन तालमी सुरू केल्या. मंडळाशिवाय.

तालमी तुबलीला व्हायच्या, खाडीकडच्या एका गॅरेजमध्ये. मालक मल्याळी होता आणि शुक्रवारी बंद ठेवायचा. ऑइलच्या वासात, वर उचललेल्या गाड्यांच्या मधल्या जागेत सात-आठ माणसं. मी वही घेऊन जायची आणि श्रीकांत मला सोडायला येऊन तिथेच रेंगाळायचे. शेवटी त्यांनाही चावी देणाऱ्या इंजिनिअरचं काम मिळालं, दोन वाक्यांचं. ती दोन वाक्यं बसवायला मेस्त्रींनी त्यांना तीन शुक्रवार राबवलं. “साहेब, तुमी चावी देतास तेवा तुमचे पाय हयसूनच गाडीकडे चल्लेले होये,” असं ते सांगायचे. श्रीकांत बँकेतले ऑफिसर, पण तिथे ते मान खाली घालून ‘परत करतो’ म्हणायचे.

शिवाचं काम सदू करायचा. त्याच्या बायकोचं काम करायला कुणी बाई मिळेना, म्हणून मेस्त्रींनी ते स्वतःकडे घेतलं. मुकादमही तेच आणि शिवाची बायकोही तेच. त्यांनी माझ्याकडे एक लुगडं मागितलं. मी दोन-चार चांगल्या साड्या काढून ठेवल्या होत्या. त्यांनी त्या बाजूला सारल्या आणि दाराशी पायपुसण्यासाठी काढून ठेवलेली जुनी सुती साडी उचलली. ती नेसून ते पहिल्यांदा गॅरेजमध्ये उभे राहिले तेव्हा कुणी हसलं नाही. पन्नाशीचा, दाढीचे खुंट वाढलेला माणूस, पण पाण्याचा पेला देताना मनगटाला दुसऱ्या हाताचा आधार होता, आणि नजर पेल्यावर नव्हती, पिणाऱ्याच्या घशावर होती. मी वाक्य द्यायचं विसरले. द्यायची गरजही नव्हती.

पहिला प्रयोग कॅम्पच्या आवारात झाला, जानेवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी. शटरिंगच्या फळ्यांचं स्टेज. मेस्त्रींनी सेट असा केला होता की सुरुवातीला फक्त चार खांब उभे. नाटक चालता चालता पात्रं खरंच फळ्या ठोकत जातात, आणि शेवटी एक खोली उभी राहते. बांधणारे मात्र बाहेर राहतात. समोर जमिनीवर बसलेली शेकडो माणसं. मराठी थोडी, बाकी मल्याळी, तेलुगू, पठाण. कंपनीचा बहारिनी स्टोअरकीपर अबू खलील खुर्ची टाकून बसला होता. बाथरूमच्या प्रवेशाला असा हशा झाला की दोन मिनिटं नाटक थांबलं. भाषा न कळणारेही हसत होते, कारण बाथरूमच्या रांगेला भाषा लागत नाही. शिवा पडतो त्या प्रसंगाला मात्र एकदम शांत झालं. मराठी माणसांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, काय ताकदीचा प्रवेश आहे! नाटक चांगलं झालं की माणसं गप्प होतात, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं.

गोष्ट मंडळापर्यंत गेली. आता कमिटीलाच वाटू लागलं की हे नाटक आपण केलं पाहिजे. मनामातल्या एका क्लबचा हॉल ठरला, आणि पात्रं मेस्त्रींचीच राहतील हेही मान्य झालं. मिसेस प्रभुण्यांना बायकोचं काम करायची हौस होती. त्या एकदा गॅरेजमध्ये आल्या, मेस्त्रींनी पाण्याचा पेला कसा दिला ते पाहिलं, आणि जाताना माझ्या कानात म्हणाल्या, “हेच बाई बरे आहेत गं.”

प्रयोगाच्या दहा दिवस आधी प्रभुणे स्वतः तुबलीला आले. मेस्त्रींना आणि मला त्यांनी बाजूला बोलावलं.

“मेस्त्री, नाटक उत्तम आहे,” ते म्हणाले. “फक्त तो पडण्याचा प्रसंग काढा.”

“काढा म्हणजे?” मी विचारलं.

“कंपनीचे साहेब येणार आहेत, वहिनी. शेजारी बसून मला त्यांना इंग्रजीत गोष्ट सांगावी लागणार. ह्याचं काय सांगू?” मग ते मेस्त्रींकडे वळले. “मी का म्हणतोय ते तुम्हाला माहीत आहे. मीही नोकरच आहे हो.”

मेस्त्रींनी नुसती मान हलवली. प्रभुणे गेले तसा माझा तोल सुटला. “तुम्ही ऐकून कसं घेतलंत? त्या प्रसंगात नाटकाचा जीव आहे! तुम्हाला तिथली चपलेची जागा चुकलेली चालत नाही आणि हे चालतं?”

त्यांच्या तोंडात खिळा होता. तो त्यांनी काढला. “वैनी, नाटक माझां. व्हिसा सगळ्यांचे.” पुढे काही बोलायला म्हणून तोंड उघडलं, आणि मग खिळा परत तोंडात ठेवला.

मी घरी येऊन वहीतलं दीड पान लाल पेन्सिलीने कापलं. शिवा आजारी पडून गावी गेला, असं एक वाक्य दुसऱ्या एका कामगाराच्या तोंडी घातलं. ते वाक्य मीच लिहिलं. माझं या नाटकातलं तेवढंच स्वतःचं लेखन.

हॉल भरलेला होता. पुढच्या रांगांत सूट आणि रेशमी साड्या, मधोमध कंपनीचे साहेब आणि शेजारी वाकून कुजबुजणारे प्रभुणे. मागच्या रांगांत आणि भिंतीला टेकून कॅम्पवरची माणसं, कंपनीच्या बसने आलेली, केस ओले करून भांग पाडलेली. नाटक रंगलं. शेवटाकडची संध्याकाळ आली. ठरल्याप्रमाणे सदू आत गेला आणि मुकादमाच्या वेषातले मेस्त्री स्टेजवर एकटे राहिले. आता दुसऱ्या कामगाराने येऊन माझं वाक्य म्हणायचं होतं.

तो यायच्या आत मागून, अगदी शेवटच्या रांगेतून, एक आवाज आला. मोठा नाही, पण स्वच्छ.

“वारो लय सुटलो हा, मेस्त्री. उद्या चढलंय तर चालात?”

कापलेलं वाक्य. माझ्या वहीत त्यावर लाल रेघ होती. कॅम्पवरचा प्रयोग पाहून त्या माणसांना ते पाठ झालं असणार. पुढच्या रांगेतल्या कुणालाही काही कळलं नाही. त्यांना तो नाटकाचाच भाग वाटला. प्रभुणे मात्र कुजबुजायचे थांबले. माझ्या जागेवरून मला ते दिसत होते.

मेस्त्री तसेच उभे. मी विंगेतून त्यांना त्यांचं पुढचं वाक्य दिलं. ऐकलं नाही. परत दिलं. माझ्या बारा वर्षांत स्टेजवर इतका वेळ कुणी गप्प उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. मग ते वर, जिथे स्लॅब आहे असं मानलं होतं, तिकडे बघत म्हणाले,

“होय. उद्याच चढ.”

आणि खाली बसले. वहीत असं कुठेच नव्हतं. दुसरा कामगार गडबडून स्टेजवर आला आणि माझं वाक्य न म्हणता त्यांच्या शेजारी बसला. एवढं कळण्याइतकं त्याला मेस्त्रींनी शिकवलेलं होतं. पडदा पडल्यावर खूप टाळ्या झाल्या. साहेबांनी मेस्त्रींचा हात हातात घेतला. घरी जाताना श्रीकांत म्हणाले, “काय प्रसंगावधान आहे माणसाला! मागच्याने वांधा केला होता, पण यांनी सफाईने सांभाळून घेतलं.” मलाही तसंच वाटलं.

हमद टाउनचा तो टप्पा संपला आणि कंपनीने माणसं कमी केली. यादीत मेस्त्रींचं नाव होतं. नाटकामुळे की काम संपल्यामुळे, हे मला कधीच कळलं नाही. मी प्रभुण्यांना स्पष्ट विचारलं, तर ते म्हणाले, “यादी वरून आली, वहिनी. सदूचंही आहे.” त्यांचा चेहरा पडलेला होता. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, आजही ठेवते. पण तेव्हा विचारल्याशिवाय मला राहवलं नाही.

मेस्त्री जायच्या आधी दहा-बारा दिवस स्टोअरकीपर अबू खलील त्यांना शोधत आला. त्याला हमद टाउनमध्ये घर मिळालं होतं. तोवर तो जिदहफ्स गावात भाऊ, भावजया आणि आई अशा मोठ्या घरात राहायचा. आता बायकामुलं आणि आईला घेऊन नव्या घरी आला, आणि म्हाताऱ्या आईचं काही तिथे मन रमेना. ती म्हणायची, इथे भिंतीपलीकडून कुणाचा आवाज येत नाही, माणसं मेली की काय? दिवसभर खोलीतून बाहेर यायची नाही. अबू खलीलला कॅम्पवरचा प्रयोग आठवला. त्याने मेस्त्रींना विचारलं, माझ्या घरी येऊन ते नाटक कराल का, तिला जरा हसू येईल.

बाकीची माणसं कुणी गेली होती, कुणी ड्युटीवर. मेस्त्री म्हणाले, मी एकटाच करीन. मला म्हणाले, “वैनी, वही घेवन येवा. नाय लागली तरी बसा.”

शुक्रवारी, दुपारची नमाज आणि जेवणं उरकल्यावर आम्ही गेलो. मेस्त्रींच्या गँगने बांधलेल्या गल्लीतलंच घर. अंगणाला पांढरी भिंत, सावलीत चटया अंथरलेल्या. अबू खलीलची मुलं, शेजारची दोन कुटुंबं, आणि भिंतीशी उशीला टेकून ती म्हातारी, काळ्या अबायात, गुडघे पोटाशी घेऊन. मी आणि श्रीकांत कडेला बसलो. मी वही उघडून मांडीवर ठेवली.

मेस्त्रींनी चपला काढल्या आणि अंगणाच्या मधोमध उभे राहिले. फळ्या नव्हत्या, खांब नव्हते, लुगडं नव्हतं. कॅसेटीत मी ऐकलं होतं तसं सगळं एकट्याने. बाथरूमच्या माणसाला मुलं लोटपोट हसली. म्हातारी एकदा हसली, मग तोंडावर पदरासारखा अबाया ओढून परत हसली. शिवाने खिडकीवरून वाद घातला. बायकोने पाणी दिलं. तो पेला घेताना आणि देताना एकाच माणसाचे दोन हात होते, तरी मला दोन माणसं दिसली.

मग संध्याकाळ आली. मला वाटलं, आता ते उडी मारून चावीच्या प्रवेशाला जातील. ते गेले नाहीत. लाल रेघेखालचं सगळं, जसंच्या तसं, त्यांनी म्हटलं. वारो लय सुटलो हा, मेस्त्री. उद्या चढलंय तर चालात? दोनच फळ्यो रवल्यो. यल्ला! ते चढले, तिथेच, जमिनीवर, दोन पावलांत. आणि पडले. पडणं म्हणजे नुसते गुडघ्यांतून खाली बसले, हात मांडीवर.

पुढचा प्रवेश त्यांनी केला नाही.  एका सबंध नाटकात म्हातारीला कळलेला एकच शब्द होता, तो तिचाच होता. ती पुढे वाकली.

“मिनू गाल यल्ला?” तिने विचारलं. यल्ला कोण म्हणालं?

“अना,” मेस्त्री म्हणाले. मी.

मला वाटलं, मुकादम म्हणून सांगताहेत. म्हातारीला तसं वाटलं नसावं. तिने अजून काहीतरी विचारलं, हळू. अबू खलील आईकडे बघून घुटमळला, मग मेस्त्रींना हिंदीत म्हणाला, “पूछती है, उसका नाम क्या था?”

माझ्या मांडीवरच्या वहीत शिवा लिहिलं होतं. प्रत्येक पानावर.

“कृष्णा,” मेस्त्री म्हणाले. “कृष्णा तेली. मेरा आदमी था. शाम थी, हवा थी. वो बोला, कल. मैं बोला, यल्ला.”

अबू खलीलने ते अरबीत सांगितलं. सांगायला त्याला वेळ लागला. त्यालाही कृष्णा माहीत होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. कॅम्पवर माना का खाली गेल्या होत्या, प्रभुणे काय म्हणत होते, आणि त्या भरल्या हॉलमध्ये मेस्त्रींनी ‘उद्याच चढ’ कुणाला सांगितलं होतं, ते मला तेव्हा, त्या अंगणात, सगळं एकदम कळलं. श्रीकांतनी माझ्या हातातली वही हळूच मिटली.

 म्हातारी उशीला रेटा देऊन उठली, आत गेली आणि कॉफीची पितळी किटली आणि बिनकानाचा छोटा कप घेऊन आली. मेस्त्रींच्या समोर येऊन बसली आणि कपात घोटभर कॉफी ओतली. मेस्त्री प्यायले. तिथली रीत अशी की पुरे झालं की कप हातात जरा हलवायचा, म्हणजे ओतणारा थांबतो. इतक्या वर्षांत मेस्त्रींना ती रीत ठाऊक नव्हती असं नाही. पण त्यांनी कप हलवला नाही. तिने परत घोटभर ओतली, ते परत प्यायले. परत ओतली. मुलं खेळायला निघून गेली, शेजारी उठले, श्रीकांत गाडी वळवून आणायला बाहेर गेले. मी फाटकाशी थांबून मागे बघितलं तर अंगणात ती दोघंच होती, ती ओतत होती आणि बाबी मेस्त्री दोन्ही हातांनी कप पुढे धरून बसले होते.